रिलीजच्या तोंडावर पुन्हा पुन्हा उगवणारे एन्कोडिंगचे बग: निदान आणि उतारा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे हे तुमचंच दुखणं आहे का ते कळेल. एका प्रोग्रामिंग भाषेची मोठी आवृत्ती काढायची आहे. तारीख जवळपास ठरली आहे. बगांच्या यादीत एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, पंधरा-वीस तक्रारी अजून उघड्या आहेत. एक पॅच (कोडमधली दुरुस्ती) लागतो, तीन तक्रारी बंद होतात. पुढची आरसी (रिलीजआधीची शेवटच्या चाचणीची आवृत्ती) बाहेर पडते, दोन दिवसांत त्यातल्या दोन परत उघडतात आणि वर एक नवी येते: 'आधी चालत होतं, आता अक्षरं दुप्पट फुटतात.' मग कोणी डीकोडची (बाइटांचा मजकूर करण्याची) एक ओळ वाढवतो, कोणी एन्कोडची (मजकुराचे बाइट करण्याची), आणि तारीख आणखी पंधरा दिवस पुढे सरकते.

एका मध्यम वापराच्या स्क्रिप्टिंग भाषेच्या रिलीजचं काम मी काही वर्षं पाहिलं आणि या चक्रात दोनदा अडकलो. पहिल्या वेळी वाटलं, माणसं कमी पडतायत. दुसऱ्या वेळी लक्षात आलं, की त्या पंधरा-वीस तक्रारींमागे न घेतलेले तीन-चार निर्णय लपलेले आहेत आणि रिलीज अडकते ती त्यांच्यापायी. निर्णय झाले की निम्म्याहून जास्त तक्रारी आपोआप रांगेला लागतात. उरलेल्या उघड्या ठेवूनही रिलीज काढता येते.

बाइट बघा, अक्षर नंतर

पहिला नियम आम्ही केला तो असा: स्क्रीनशॉटवर चर्चा करायची नाही. पडद्यावर दिसणारं अक्षर टर्मिनल, फॉन्ट, एडिटर अशा तीन-चार हातांतून गेलेलं असतं, आणि त्यातल्या कोणीही त्याची वाट लावलेली असू शकते. तक्रारकर्त्याकडून हेक्सडंप, म्हणजे फाइलमधल्या बाइटांची हेक्स आकड्यांतली यादी, मागवा. तो मिळेपर्यंत बगवर 'माहिती हवी' असं लेबल राहू द्या.

देवनागरीचा हेक्सडंप वाचायला दहा मिनिटांत शिकता येतं. यूटीएफ-८ या युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या एकत्रित तक्त्याच्या) एन्कोडिंगमध्ये आपलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन बाइटांचा असतो. पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा अक्षराप्रमाणे बदलतो. 'म' म्हणजे ई० ए४ एई. डंपमध्ये हे तीन नीट दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे आणि घोटाळा दाखवणाऱ्याच्या बाजूला आहे. भाषेच्या गाभ्याला हात लावू नका.

त्याऐवजी सी३ ए० सी२ ए४ सी२ एई असे सहा बाइट दिसले, तर कोणीतरी यूटीएफ-८ ला लॅटिन-१ (एका बाइटाला एक अक्षर मानणारं जुनं युरोपीय एन्कोडिंग) समजून वाचलं आणि परत यूटीएफ-८ म्हणून लिहिलं. पडद्यावर तेव्हा डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग वर्तुळातला आर असं त्रिकूट दिसतं. हाच प्रकार आणखी एकदा झाला की सहाचे बारा होतात. म्हणून फाइलचा आकारही साक्ष देतो. निव्वळ देवनागरी मजकुराची फाइल अपेक्षेच्या दुप्पट असेल तर एक जादा फेरा, चौपट असेल तर दोन. हे नुकसान उलट्या क्रमानं भरून काढता येतं.

डंपमध्ये ३एफ ३एफ ३एफ अशी माळ दिसली, म्हणजे साधी प्रश्नचिन्हं, तर मजकूर गेला तो गेला. लिहिताना कोणीतरी 'जमत नाही ते बदलून टाक' असा पर्याय दिला होता. ईएफ बीएफ बीडी दिसले तर तेच वाचताना घडलं. काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह ते हेच. हे दोन प्रकार भाषेनं स्वतःहून, न विचारता केले असतील तर रिलीज थांबवा. बाकी कशासाठी थांबायचं ते पुढे येतंच, पण मुकाट्यानं माहिती पुसणं याला माझ्या लेखी माफी नाही.

'कधी चालतं, कधी नाही'

वारंवार उघडणाऱ्या तक्रारी बहुतेक या जातीच्या असतात. त्यातल्या दोन जवळून दाखवतो.

पहिली. विंडोजवरच्या एका वापरकर्त्याचं म्हणणं होतं, की 'मराठी' हा शब्द असलेली फाइल भाषा मुकाट्यानं वाचते आणि 'माझा' असलेली फाइल उघडताना एरर देते. आमच्यातल्या एकानं ती तक्रार तीन वेळा 'घडवून बघितली, घडत नाही' म्हणून बंद केली. प्रत्येक वेळी त्यानं 'मराठी' हाच शब्द टाइप करून बघितला होता.

यामागचं कारण अगदी साधं आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर आमची भाषा यंत्रणेचं डिफॉल्ट घ्यायची आणि तिथे ते १२५२ कोडपेज, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा विंडोजचा जुना एकबाइटी तक्ता, होतं. या कोडपेजमध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. 'मराठी'तल्या पाच चिन्हांचे शेवटचे बाइट एई, बी०, बीई, ए० आणि ८० आहेत. या सगळ्या जागा भरलेल्या, त्यामुळे फाइल वाचली जाते आणि कचरा हातात येतो. 'माझा'मधला झ मात्र ई० ए४ ९डी. तिथे खड्डा. झ, ए, ऐ, चंद्रबिंदू, पहिला उकार, पाय मोडण्याची खूण अशा चिन्हांचे शेवटचे बाइट या पाच खड्ड्यांत पडतात. म्हणजे मजकुरात यातलं एखादं चिन्ह किंवा जोडाक्षर आलं की एरर, नाही आलं की गुपचूप कचरा. एरर मिळालेला माणूस नशीबवान, कारण त्याला निदान कळलं तरी. ब्राउझर या पाच जागा नियंत्रण-चिन्हांनी भरून काढतात, त्यामुळे 'ब्राउझरमध्ये तर उघडतं' हा युक्तिवादही ठरलेला.

या तक्रारीवर एक पॅच आला होता: आपणही त्या पाच जागा भरून टाकू. तक्रार बंद झाली असती, आणि ज्यांना एरर मिळत होती त्यांनाही कचरा मिळायला लागला असता. असा पॅच रिलीजच्या गडबडीत सहज आत शिरतो, कारण त्यानं यादीतला आकडा कमी होतो.

दुसरी. मोठ्या मराठी फाइलमध्ये मध्येच एखादं अक्षर फुटतं, लहान फाइलमध्ये कधीच नाही. हे ऐकलं की बफर (वाचलेले बाइट तात्पुरते ठेवायची जागा) बघा. वाचन ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत होतं. निव्वळ देवनागरी मजकूर असेल तर ४०९६ ला ३ नं भागून बाकी १ उरते, म्हणजे १३६६ व्या अक्षराचा पहिला बाइट एका तुकड्यात आणि उरलेले दोन पुढच्या. तुकडे सुटे-सुटे डीकोड केले की ते अक्षर मेलं. ८१९२ चा तुकडा असला तरी सुटका नाही. तिथे बाकी २.

इथली मेख बघा. ज्यांनी हा कोड लिहिला त्यांनी टेस्ट लिहिल्या नव्हत्या असं नाही. एक टेस्ट युरोपीय स्वरचिन्हांची होती, एक इमोजीची, दोन्ही हजारो वेळा जोडून लांबलचक केलेल्या. पण त्या खूण असलेल्या युरोपीय स्वराला दोन बाइट लागतात आणि इमोजीला चार. ४०९६ ला दोन्ही संख्यांनी निःशेष भाग जातो, म्हणून अक्षर सीमेवर कधी तुटलंच नाही. तीन बाइटांच्या लिपीत लिहिणाऱ्या सगळ्यांच्या फाइली फुटत होत्या आणि टेस्ट हिरव्या. उपाय माहितीचाच आहे: अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यापर्यंत सांभाळणारा, टप्प्याटप्प्यानं चालणारा डीकोडर. टेस्टमध्ये 'म' १३६६ वेळा टाका. त्याचे ४०९८ बाइट होतात, आणि तेवढे पुरतात.

वेशी मोजा

एन्कोडिंगच्या तक्रारी ज्या फंक्शनमध्ये दिसल्या त्या फंक्शनच्या नावानं लावू नका. बाइटांचा मजकूर जिथे होतो आणि मजकुराचे बाइट जिथे होतात, त्या जागांनुसार लावा. मी त्यांना वेशी म्हणतो. भाषेला मोजून सात-आठ वेशी असतात: स्वतःचा सोर्स कोड, कमांड लाइनवरचे आर्ग्युमेंट, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, फाइलींची नावं, फाइलींमधला मजकूर, स्टँडर्ड इनपुट-आउटपुट, सॉकेट, आणि सी भाषेत लिहिलेल्या एक्स्टेंशनचा दरवाजा.

आमच्या यादीतल्या तक्रारी अशा लावल्या तेव्हा जवळजवळ सगळ्या तीन वेशींवर गोळा झाल्या: फाइलींची नावं, स्टँडर्ड आउटपुट आणि एन्कोडिंग न सांगता उघडलेली फाइल. प्रत्येक वेशीवर एकच प्रश्न पडून होता: इथे एन्कोडिंग कोण ठरवणार, आणि न जमणारा बाइट आला तर काय करायचं? उत्तर कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून प्रत्येक पॅच लिहिणाऱ्यानं आपापलं उत्तर दिलं होतं, आणि ती उत्तरं एकमेकांना छेद देत होती. बग परत उघडायचे ते यामुळे.

फाइलींच्या नावांची वेस सगळ्यांत चिवट. लिनक्सला फाइलचं नाव म्हणजे बाइटांची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. विंडोजला ते १६-बिटी एककांची रांग आहे आणि त्यात जोडीदार नसलेला सरोगेटही (जोडीनंच अर्थ मिळणारं एकक) असू शकतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावं विघटित रूपात (अक्षर आणि त्याची खूण सुटी करून) साठवत असे, म्हणजे दिलेलं नाव परत मागितलं तर वेगळे बाइट मिळत. 'सगळी नावं यूटीएफ-८ असतात' असं गृहीत धरणारी भाषा कुणाच्या तरी डिस्कवरची एक फाइल उघडू शकत नाही, हे नक्की. इथे हट्ट एवढाच धरा, की फोल्डर वाचून मिळालेल्या नावानं तीच फाइल उघडता आली पाहिजे. पायथननं २००९ च्या ३.१ आवृत्तीत यावर तोडगा काढला: न जुळणारा बाइट डीसी८० ते डीसीएफएफ या सरोगेटांत गुंडाळून ठेवायचा आणि बाहेर पडताना तोच बाइट परत द्यायचा. तोडगा कुरूप आहे. असं नाव छापायला गेलात तर एरर येते, आणि नवशिक्या गोंधळतो. तरीही फाइल हरवण्यापेक्षा हे मला शंभर वेळा मान्य आहे.

स्टँडर्ड आउटपुटचं दुखणं असं, की एकच प्रोग्राम टर्मिनलवर चालतो आणि पाइपमध्ये (आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला जोडलं की) मरतो, किंवा हातानं चालवला की नीट आणि क्रॉननं (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीनं) चालवला की एरर. पायथन २ मध्ये आउटपुट पाइपला जोडलं की एन्कोडिंगच माहीत नसायचं आणि गाडी आस्कीवर (फक्त इंग्रजीपुरत्या तक्त्यावर) यायची. क्रॉन आणि कंटेनरमध्ये लोकेल (यंत्रणेची भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) बहुधा 'सी' असतो, तिथेही गत तीच. २०१८ साली ३.७ मध्ये त्यांनी 'सी' लोकेल दिसला तर यूटीएफ-८ धरायचं ठरवलं. ३.० आली होती डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे हा एक निर्णय व्हायला साडेनऊ वर्षं गेली. तुमच्या हातात मोठी आवृत्ती असेल तर तो आत्ताच घेऊन टाका: लोकेल 'सी' असेल तर यूटीएफ-८, टर्मिनल असो वा पाइप.

कोणता बग रिलीज अडवतो

यादीतल्या प्रत्येक तक्रारीला आम्ही एकच प्रश्न विचारायला लागलो: हा बग दुरुस्त केला तर आज नीट चालणाऱ्या कुणाच्या प्रोग्रामचं उत्तर बदलेल का?

एरर येत होती आणि आता बरोबर उत्तर येईल, असं असेल तर घाई नाही. ती दुरुस्ती पुढच्या किरकोळ आवृत्तीतही घालता येते. एररवर विसंबून राहणारे फार कमी. चुकीचं उत्तर येत होतं आणि आता बरोबर येईल, तर सावध व्हा. त्या चुकीवर कोणीतरी आपलं घर बांधलेलं असतं. ती दुरुस्ती या मोठ्या आवृत्तीत तरी घाला, नाहीतर थेट पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत थांबा. आणि स्ट्रिंगचा प्रकारच बदलतो किंवा डिफॉल्ट बदलतं अशी दुरुस्ती असेल, तर ती बीटाच्या (आरसीआधीच्या चाचणी आवृत्तीच्या) आधी हवी. आरसी लागल्यावर अशा पॅचला दार बंद. आरसी म्हणजे आरसाही. त्यात तोंड बघायचं, तोंड बदलायचं नाही.

हा नियम हवेतून आलेला नाही. पर्ल ५.८.० जुलै २००२ मध्ये आली. लोकेल यूटीएफ-८ असेल तर सगळे फाइलहँडल (प्रोग्रामनं उघडलेल्या फाइली) आपोआप यूटीएफ-८ समजायचे, अशी सोय त्यात केली होती. हेतू चांगला होता. पण त्याच सुमारास काही लिनक्स वितरणांनी यूटीएफ-८ लोकेल डिफॉल्ट केला, आणि चित्रं, झिप अशा बाइटांच्या फाइली वाचणाऱ्या जुन्या स्क्रिप्टी एक ओळही न बदलता बिघडल्या. चौदा महिन्यांनी ५.८.१ मध्ये ती सोय मागे घेऊन मागितल्यावरच मिळेल अशी करावी लागली. न विचारता केलेलं डिफॉल्ट पुढच्या किरकोळ आवृत्तीत काढून घेणं, म्हणजे एकाच जखमेवर दोनदा चिरा.

उलट टोक पीएचपी ६ चं. आतल्या सगळ्या स्ट्रिंग यूटीएफ-१६ (युनिकोडचं १६-बिटी एन्कोडिंग) करायच्या आणि ते पूर्ण झाल्यावरच रिलीज काढायची, असा बेत होता. काम वर्षानुवर्षं चाललं. नेमस्पेससारखी बरीच तयार वैशिष्ट्यं २००९ साली ५.३ मध्ये काढून घ्यावी लागली, मार्च २०१० मध्ये तो बेतच गुंडाळला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पुढच्या मोठ्या आवृत्तीला ७ क्रमांक दिला. सहा कधी आलीच नाही. 'सगळे एन्कोडिंग बग शून्य झाल्याशिवाय रिलीज नाही' असं म्हणणारा आपल्या गटात कोणी असेल, तर त्याला हा गाळलेला आकडा दाखवा.

रुबीनं तिसरी वाट घेतली. १.९ पासून प्रत्येक स्ट्रिंग आपलं एन्कोडिंग सोबत वागवते. ही कल्पना मला अजूनही देखणी वाटते. अडचण अशी, की दोन वेगळ्या एन्कोडिंगच्या स्ट्रिंग जोडताना त्यातली एक जरी निव्वळ आस्की असेल तर सगळं गोड, आणि दोन्हींत आस्कीबाहेरचं काही आलं की एरर. पायथन २ मध्येही बाइट आणि युनिकोड जोडताना असंच व्हायचं. इंग्रजी डेटावर केलेल्या टेस्ट सगळ्या पास, आणि प्रत्यक्ष वापरात पहिलं 'अ' अक्षर आलं की कोसळणार. तुमच्या भाषेत असा आस्कीपुरता आडमार्ग असेल तर तो हुडकून काढा. माझं मत विचाराल तर बाइट आणि मजकूर जोडणं कायमच एरर असावं, रिकाम्या स्ट्रिंगसाठीसुद्धा. पायथन ३ नं हे केलं आणि त्यासाठी त्यांनी भरपूर शिव्या खाल्ल्या. शिव्यांचं खरं कारण मात्र वेगळं होतं असं मला वाटतं. स्ट्रिंगआधीचा 'यू' हा उपसर्ग काढून टाकला तो २०१२ मध्ये ३.३ ला परत आणला. बाइटांवरचं टक्क्याचं फॉरमॅटिंग काढलं ते २०१५ मध्ये ३.५ ला परत आलं. या दोन गोष्टी राहू दिल्या असत्या तर जुना आणि नवा कोड एकाच फाइलमध्ये नांदला असता. कडक निर्णय घ्या, पण जुन्या लिखाणाला विनाकारण टोचू नका.

हे एन्कोडिंगचे बग नाहीत, यादीतून काढा

आमच्या यादीतल्या चार-पाच तक्रारी चुकीच्या घरात राहत होत्या. 'क्षि'ची लांबी चार का येते? कारण त्यात चार कोडपॉइंट (युनिकोडमधल्या क्रमांकाची चिन्हं) आहेत: क, पाय मोडण्याची खूण, ष आणि वेलांटी. बाइट बारा. आणि वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर एक. यातलं कोणतं उत्तर 'लांबी' म्हणून द्यायचं हा भाषेच्या रचनेचा प्रश्न आहे. रचना ठरवताना एक भान ठेवा: दिसणारी अक्षरं मोजण्याचे नियम स्वतःच बदलतात. २०२३ च्या युनिकोड १५.१ च्या आधी नियमानुसार 'क्षि' दोन तुकड्यांत तुटायचं, तेव्हापासून ते एक आहे. म्हणून युनिकोडचे तक्ते कोणत्या आवृत्तीचे ते फीचर फ्रीझच्या (नवी वैशिष्ट्यं घेणं थांबवण्याच्या) दिवशीच गोठवा आणि आरसीमध्ये हलवू नका. नाहीतर कुणीच कोड न बदलता टेस्ट लाल होतील आणि दोन दिवस त्यात जातील. आमचे गेले होते.

तसंच शोधाचं. 'ॲप' लिहिलेलं 'अॅप' शोधून सापडत नाही, कारण पहिल्यात ॲ हा एकच कोडपॉइंट आहे, २००८ मध्ये युनिकोड ५.१ नं दिलेला, आणि दुसऱ्यात अ वर वेगळा चंद्र. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. 'दऱ्या'चंही तेच. एका कीबोर्डवरून नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावरून र, पाय मोडण्याची खूण आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण ती भाषेच्या गाभ्यात सोडवायला गेलात तर रिलीज विसरा. शोधाच्या लायब्ररीकडे पाठवा.

जुनी मलमपट्टी

आता त्या 'दुप्पट फुटतात'वाल्या तक्रारीकडे. आम्ही सॉकेटच्या वेशीवरचा एक जुना बग दुरुस्त केला आणि तीन लोकप्रिय पॅकेजं त्याच रात्री बिघडली. त्या लेखकांनी तो बग वर्षानुवर्षं सहन करून आपापल्या कोडमध्ये मलमपट्टी लावली होती: आलेली स्ट्रिंग लॅटिन-१ नं एन्कोड करायची आणि यूटीएफ-८ नं परत डीकोड करायची. मूळ दुखणं बरं झालं आणि आता पट्टीच टोचायला लागली.

म्हणून दुरुस्ती आत घालण्याआधी पॅकेजांच्या सगळ्या साठ्यात ही जोडी शोधा: लॅटिन-१ एन्कोड, लगेच यूटीएफ-८ डीकोड. जिथे जिथे ती सापडेल तिथे एक तक्रार आहे जी तुमच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. त्या लेखकांना आरसीच्या आधी कळवा, आणि शक्य असेल तर पॅचही तुम्हीच पाठवा. नुसती 'बदल झाला आहे' अशी घोषणा कोणी वाचत नाही, हे मी तीन रिलीजच्या अनुभवानं सांगतो.

डिफॉल्ट बदलायचं असेल तर आधीच्या एका आवृत्तीत इशारा द्या. पायथननं २०२१ च्या ३.१० मध्ये एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर मागितल्यास इशारा देणारी सोय केली, आणि यूटीएफ-८ डिफॉल्ट करण्यासाठी ३.१५ ही आवृत्ती ठरवली. जावानं मार्च २०२२ मध्ये जेडीके १८ पासून यूटीएफ-८ डिफॉल्ट केलं, पण जुनं वागणं परत मिळवण्याचा एक पर्यायही ठेवला. १९९६ पासूनच्या कोडचा पसारा बघता ते शहाणपणाचं होतं. तो परतीचा पर्याय जरूर ठेवा, फक्त तो पूर्ण प्रोग्रामला लागू होणारा असावा. एकेका फाइलमागे लावता येणारा पर्याय दिलात तर पुढच्या दहा वर्षांत कोणत्या लायब्ररीनं काय लावलंय याचा माग लागत नाही.

टेस्टबद्दल थोडं. तोच टेस्ट-संच 'सी' लोकेल, यूटीएफ-८ लोकेल आणि एखादा जुना एकबाइटी लोकेल अशा तिन्हींत चालवा, आणि आउटपुट एकदा टर्मिनलला, एकदा पाइपला जोडा. संचात 'मराठी' आणि 'माझा' दोन्ही असू द्या, १३६६ 'म' असू द्या, नुसता ई० हा अर्धवट बाइट, नावात एफएफ असलेली फाइल, आणि सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंग ओळखायच्या खुणेचे) ईएफ बीबी बीएफ असलेली फाइल. सी० एएफ ही तिरक्या रेघेची लांबवलेली, बेकायदा जोडी आली तर डीकोडरनं ती नाकारलीच पाहिजे. ती स्वीकारणं म्हणजे पाथ तपासणाऱ्या कोडला बगल देण्याची वाट उघडी ठेवणं, आणि हा सुरक्षेचा बग आहे.

दुसऱ्या वेळी आमची रिलीज निघाली तेव्हा एन्कोडिंगचे चार बग उघडे होते. चारही 'एररच्या जागी बरोबर उत्तर' या जातीचे. रिलीज नोट्समध्ये प्रत्येकाचं लक्षण, हेक्समधले नेमके बाइट आणि तोवर करायचा उपाय लिहिला. तीन पुढच्या दोन किरकोळ आवृत्त्यांत गेले. चौथा, विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये लांब देवनागरी ओळ तुटण्याचा, अजून आहे. त्याच्या टेस्टवर 'अपयश अपेक्षित' असा शिक्का आहे, आणि ती ज्या दिवशी चुकून पास होईल त्या दिवशी बिल्ड लाल होईल अशी व्यवस्था केली आहे.